हळदीपासून कुंकवापर्यंत सोळा पानं

आमच्या घरातला स्कॅनर २००६ सालापासून पिवळा आहे. यंत्र तसं करड्या रंगाचंच, पण त्यातून काहीही काढा, बँकेचं पत्र असो की कुणाच्या बारशाचा फोटो, डाव्या कडेला पिवळसर झाक येतेच. त्या काळात आम्ही पुण्याला पाठवलेल्या फोटोंमध्ये आम्ही सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतो. एका काकूंनी तर फोन करून ऊस खायला सांगितलं होतं.

या सगळ्याचं कारण मी. त्या वर्षीच्या जूनमध्ये एका रविवारी सकाळी मी स्कॅनरच्या काचेवर एका बाजूला चमचाभर हळद आणि दुसऱ्या बाजूला चमचाभर कुंकू ओतलं आणि वरून झाकण लावलं. मला खरी हळद आणि खरं कुंकू कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं होतं. बायको दारात उभी राहून बघत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "अहो, इंजिनिअरिंगला चार वर्षं लागली होती ना तुम्हाला?"

मी पेशाने डेटाबेसवाला. नेपरव्हिलहून सकाळची गाडी धरायची, शिकागोत दिवसभर तक्ते जोडायचे-तोडायचे, संध्याकाळच्या गाडीने परत. रंगांशी माझा संबंध शर्ट निवडण्यापुरता, आणि तेही काम लग्नानंतर माझ्याकडून काढून घेण्यात आलं. असा माणूस रंगांच्या मागे का लागला, ते सांगतो.

आमच्या मुलीचं लग्न सप्टेंबरात ठरलं होतं. मुलगा विस्कॉन्सिनचा. उंच, शांत, आमटीला सूप म्हणणारा आणि दोन वाट्या पिणारा. तक्रारीला जागा नव्हती. प्रश्न आला तो विधींचा. लेकीने आदल्या वर्षी एका मैत्रिणीचं लग्न पाहिलं होतं. स्टेजवर होमाचा धूर, गुरुजींचे मंत्र, आणि समोर पाहुणे आपापसात गप्पा मारतायत, निम्मे लॉबीत जाऊन उभे. मैत्रीण बिचारी दीड तास कुणीही बघत नसताना बोहल्यावर बसून होती. ते पाहून आलेल्या आमच्या लेकीने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "फॉर्टी मिनिट्स, बाबा. मॅक्स. मला माझं लग्न कुणाचं बॅकग्राउंड म्युझिक व्हायला नकोय."

तिचं म्हणणं मला पटत होतं. अडचण टेबलाच्या पलीकडे बसली होती. माझी आई.

आई मे महिन्यात आली होती, खास या लग्नासाठी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. मी तिचा एकुलता एक मुलगा, आणि माझं लग्न रजिस्टर ऑफिसात वीस मिनिटांत उरकलं होतं. व्हिसाची तारीख अचानक आली, मुहूर्ताला वेळ नव्हता. सह्या झाल्या, पेढे वाटले, आणि आठव्या दिवशी आम्ही विमानात. आईने तेव्हाही काही म्हटलं नव्हतं. पण या वेळी तिच्या बॅगेत लाजाहोमाच्या लाह्या, मुंडावळ्या, अंतरपाटासाठी तिने स्वतः स्वस्तिक काढलेलं वस्त्र, असं सगळं होतं. आमच्या घरात होणारं हे पहिलं विधिवत लग्न. आणि बहुधा तिच्या डोळ्यांसमोरचं शेवटचं.

चाळीस मिनिटांची घोषणा ऐकून ती नातीला म्हणाली, "तुझं लग्न, तू म्हणशील तसं." मग उठून तिने ती बॅग पलंगाखाली सरकवली. रागाने सरकवली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू, आवाज न करता सरकवली.

मी दुसऱ्या दिवशी लेकीपुढे प्रस्ताव मांडला. आपण एक पुस्तिका छापू, पाहुण्यांसाठी. एका पानावर एक विधी, इंग्रजीत, सोप्या भाषेत. काय चाललंय हे कळलं की लोक बसतील. तिने मान हलवली, नाही असं म्हणाली नाही. "ओके. पण लोक उठायला लागले ना, की मी गुरुजींना सांगणार, शॉर्टकट मारा. डायरेक्ट सप्तपदी." गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे आणि शनिवार-रविवार लग्नं लावायचे. शॉर्टकट त्यांना माहीत होते.

मजकूर लिहिणं अवघड गेलं नाही. मोजून सोळा पानं झाली. पण नुसती काळी अक्षरं पांढऱ्या कागदावर म्हणजे गाडीच्या विम्याची कागदपत्रं वाटत होती. तेव्हा मला ती कल्पना सुचली. पहिलं पान हळदीचं, शेवटचं कुंकवाचं, आणि मधली पानं हळूहळू, न कळत, एकातून दुसऱ्यात जाणारी. कुठे पिवळं संपलं आणि कुठे लाल सुरू झालं ते कुणाला दाखवता येऊ नये. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये याला ग्रेडियंट म्हणतात, एवढं मी वाचलं. एक सॉफ्टवेअर तीस दिवस फुकट वापरायला मिळत होतं. मी ते उतरवून घेतलं. आता आपण दोन तासांत मोकळे, असं मी बायकोला सांगितल्याचं ती अजून चारचौघांत सांगते.

पहिला प्रयत्न असा. पहिल्या पानावर वरून खाली पिवळ्याचं लाल केलं. सुंदर दिसलं. मग तेच उचलून सोळाही पानांवर ठेवलं. प्रत्येक पान वर पिवळं, खाली लाल. पान उलटलं की पुन्हा पिवळं. बायको पानं चाळून म्हणाली, "प्रत्येक पानावर लग्न लागतंय आणि पान उलटलं की मोडतंय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की सोळा रंग-उतार नकोत, एकच हवा. सोळा पानं लांब. एक भलीमोठी पट्टी कल्पायची आणि तिचे सोळा तुकडे करायचे. एका पानाचा शेवट जिथे होतो, तिथूनच पुढच्या पानाची सुरुवात. छपाईत चार शायांची टक्केवारी द्यावी लागते. पिवळी शाई कायम ठेवून गुलाबी शाई पानागणिक सारख्या मापाने वाढवत नेली, तर पिवळ्याचं लाल होतं. हे माझ्या आवाक्यातलं होतं. मी तक्ता केला, आकडे भरले, गाडीत बसून पुन्हा तपासले. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांना वाटलं असेल, माणूस शेअर बाजारात बुडालाय.

घरच्या प्रिंटरवर पानं काढली आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली. हिशोब चोख होता. आणि बरोबर मध्ये, पाच-सहा पानं, रस्त्याच्या कामावर ठेवतात त्या शंकूंचा भगभगीत नारिंगी रंग. लेक आली, तिने बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, इट्स हॅलोविन."

सुरुवातीचा आणि शेवटचा रंगच खरा नाही, म्हणून मधले बिघडतात, असं निदान मी केलं. त्यातून तो स्कॅनरचा रविवार आला. त्याने काही साधलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

काच पुसून पुसून मी दमलो होतो, तेव्हा आई स्वयंपाकघरातून तिच्या पानाचा डबा घेऊन आली. हा डबा तिच्याबरोबर इमिग्रेशनमधून सहीसलामत आला होता. आतला चुना काय आहे असं विचारणाऱ्या अधिकाऱ्याला तिने मराठीत समजावलं आणि त्याने ऐकूनही घेतलं. टेबलावर मांडलेली नारिंगी पानं तिने पुन्हा एकदा पाहिली.

"तुझी हळद सारख्या पावलांनी लाल होतेय," ती म्हणाली. "हळद अशी होत नाही."

"म्हणजे कशी होते?"

"कुंकू कशाचं करतात, ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक नव्हतं. पन्नाशी उलटली होती माझी. रोज देवघरात दोन्ही करंडे शेजारी शेजारी बघत आलो होतो, आणि माझ्या मनात त्या दोन वेगळ्या वस्तू होत्या. तक्त्यातले दोन आकडे, एक या टोकाला, एक त्या टोकाला.

आईने बायकोकडून छोट्या मफिनचा चोवीस खळ्यांचा ट्रे मागून घेतला. सोळा खळ्यांत पांढरे कागदी कप ठेवले. हळदीचं दाट पाणी करून प्रत्येकात एकेक चमचा घातलं. मग वाटीत चुना कालवला, वरचं निवळ पाणी घेतलं, आणि लेकीच्या लहानपणीचा औषधाचा ड्रॉपर कुठून तरी शोधून काढला. पहिल्या कपात काही नाही. दुसऱ्यात एक थेंब. तिसऱ्यात दोन. मी मागे उभा राहून मोजत होतो. तिसरा पिवळा. चौथा पिवळा. पाचवा, सहावा, पिवळेच. मला वाटलं चुना जुना झाला. सातव्यात थेंब पडले, आईने काडीने ढवळलं, आणि कपात काहीतरी वळलं. नारिंगी नव्हे. हळदच, पण आतून तापल्यासारखी. आठव्यात ती तांबूस झाली, नवव्यात आणखी, दहाव्यात विटेच्या जवळ, आणि मग भराभर, प्रत्येक कपात खोल खोल, सोळाव्यापर्यंत लाल.

लेक काउंटरला टेकून उभी होती, हातातला फोन तसाच. खिडकीतून उन्हाची तिरीप ट्रेवर आली होती. त्या सोळा कपांत दुसरा कुठलाही रंग घातला गेला नव्हता. चुन्याचं निवळ पाणी घातलं होतं आणि पिवळ्याचं लाल झालं होतं. मी जन्मभर ज्याला दोन रंग समजत होतो ती एकच वस्तू होती, आणि तिला माहीत होतं केव्हा थांबायचं आणि केव्हा निघायचं.

"पुष्कळ वेळ तशीच राहते," आई हात धूत म्हणाली. "मग एकदा निघाली की निघाली."

मी कॅमेरा आणला. खिडकीच्या उजेडात फोटो काढले. सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी पिचकारी असते, ती फोटोवर टेकवली की तिथला रंग उचलून आकडे सांगते. सोळा कपांचे सोळा रंग उचलले आणि लांब पट्टीखाली ओळीने ठेवले. पहिले सहा एकमेकांना चिकटून, मग मोठी झेप, मग उतरत्या पायऱ्या. माझ्या तक्त्यातल्या सारख्या अंतरांची पार मोडतोड झाली. आणि पट्टी अशी वाहायला लागली की मी खुर्चीत मागे सरकून नुसता बघत राहिलो. बायकोने मागून येऊन बघितलं. ती काही बोलली नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे फार वेळा घडलेलं नाही.

एवढं होऊनही गावातल्या छापखान्यातून नमुना आला तेव्हा त्यात पट्टे दिसत होते, बारीक बारीक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. छापखान्याच्या बाई, साठीच्या, गळ्यात साखळीला चष्मा. त्यांनी कागद हात लांब करून धरला आणि मला समजावलं की कॉम्प्युटरचा रंग फारच गुळगुळीत असतो, म्हणून डोळ्याला त्याची प्रत्येक पायरी सापडते. त्यावर थोडी कणी पसरायची, अगदी धुळीसारखी, कुठे एक ठिपका किंचित गडद, कुठे किंचित फिका. मग डोळा फसतो. सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहेच, म्हणाल्या. मी घरी येऊन ती कणी टाकली. पट्टे नाहीसे झाले, आणि पान भुकटीसारखं दिसायला लागलं. आईने नव्या नमुन्यावर बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं, रंग लागला का म्हणून.

त्या आठवड्यात पलंगाखालची बॅग बाहेर आली होती, पण अजून उघडली नव्हती.

लग्नाच्या दिवशी दीडेकशे पाहुणे. अर्धे विस्कॉन्सिनचे, अर्धे आपले. प्रत्येक खुर्चीवर एक पुस्तिका. मी आणि बायको स्टेजवर एका बाजूला बसलो होतो, हॉल समोर दिसत होता. गुरुजी प्रत्येक विधीआधी पानाचा आकडा सांगत होते. "पेज वन." पांढरं कव्हर उलटलं आणि हॉलभर मांड्यांवर हळद उमटली. मी ते धड बघूनही घेतलं नाही, कारण माझं लक्ष दारांकडे होतं. एक बाई उठल्या. त्या बाळाला घेऊन कोपऱ्यात गेल्या आणि परत आल्या.

अमेरिकन मंडळी शाळेतल्या मुलांसारखी बसली होती. बोट ओळीवर, मान एकदा स्टेजकडे, एकदा पानाकडे. त्यांची भीती मी तीन महिने उगाच बाळगली होती. खरी गडबड सहाव्या पानावर झाली आणि ती आपल्यांनी केली.

सहावं पान मंगलाष्टकांचं. अंतरपाट धरला गेला, आईने स्वस्तिक काढलेला. बॅग त्या सकाळी उघडली होती. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या. आणि आपली सगळी मंडळी एकदम उभी राहिली. अक्षता टाकल्या की पानावर बसायचं, हे आपल्या हाडात आहे. त्यात कुणाचा दोष नाही. खुर्च्या सरकल्या, बायकांनी पदर सावरले, कुणी तरी जेवणाच्या हॉलचं दार उघडलंसुद्धा. गप्पांचा आवाज चढला.

मी लेकीकडे पाहिलं. तिच्या मुंडावळ्या हलत होत्या. ती गुरुजींकडे वळली, आणि तिचं तोंड काही तरी बोलायला उघडलं. पहिल्या रांगेत आई बसली होती. तिने नातीकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिली.

विस्कॉन्सिनची मंडळी मात्र जागची हलली नव्हती. उभ्या राहिलेल्या आपल्या लोकांकडे ती गोंधळून पाहत होती, पुस्तिका उघडी धरून, की आमचं काही चुकलं का. तिसऱ्या रांगेतले एक काका, नागपूरचे, जेवायला निघणाऱ्यांत सगळ्यात पुढे, त्यांनी शेजारच्या गोऱ्या गृहस्थांच्या हातातल्या पुस्तिकेत डोकावलं. मग स्वतःची उघडली. मग वळून मागच्या सगळ्यांना मोठ्याने म्हणाले, "अरे बसा बसा. अजून पिवळंच चाललंय."

हॉल हसला. आणि बसला. खुर्च्या पुन्हा सरकल्या, जेवणाच्या हॉलचं दार लागलं, आणि इतका वेळ पुस्तिकेचा पंखा करणाऱ्यांनीही ती उघडली, आपण किती पिवळे आहोत आणि लाल केव्हा होणार ते पाहायला.

लेक थांबली. तिने सगळ्या हॉलवरून एकदा नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, फुल व्हर्जन."

"पेज सेव्हन," गुरुजी म्हणाले. कन्यादान.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. दीडशे माणसं एकदम पान उलटत नाहीत. कुणी गुरुजींच्या आधी उलटतं, कुणी वाक्य संपवून मग. एक आजोबा दोन पानं मागे होते, एक छोटी मुलगी केव्हाच शेवटच्या पानावर जाऊन पोचली होती, मागच्या रांगेत तिचा एक लाल ठिपका. म्हणून हॉलचा रंग कधी बदलला असं दाखवताच येत नव्हतं. पिवळ्या रांगेत इथे एक पान तापायचं, तिथे एक, मग शेजारचं, आणि लक्ष जाईपर्यंत आख्खी बाजू वळलेली असायची. मी सोळा पानांसाठी तीस दिवस धडपडलो होतो. आता दीडशे लोक, काहीही न ठरवता, एकमेकांच्या जरा पुढे, जरा मागे, तेच करत होते, आणि ते माझ्या पानांहून कितीतरी चांगलं होत होतं. असं काही आपल्या हातून सुरू झालं यावर विश्वास बसेना. हातून कसलं, एका थेंबाने सुरू झालं होतं.

गुरुजींनी मला दोनदा हाक मारली म्हणे. माझ्या हातात पाण्याची झारी होती आणि मी ओतत नव्हतो. बायकोने कोपराने ढोसलं. लेक स्वतःच्या ओंजळीकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होती. "बाबा," ती हळूच म्हणाली, "मलाही दिसतंय. पाणी घाला."

मी घातलं. थोडं तिच्या ओंजळीत, बरंचसं जावयाच्या सोवळ्यावर.

पुढचा तास हॉल लाल होत गेला. मंगळसूत्र, होम, लाह्या. कुणी उठलं नाही. सगळ्यांची मान पानावर जायची आणि वर यायची, वर यायची आणि पानावर जायची. पहिल्या रांगेत एकट्या आईची पुस्तिका मिटलेली होती. तिने रंग एकदाही पाहिला नाही. ती होमाकडे बघत होती, नातीने लाह्या टाकल्या की तिचेही हात मांडीवर थोडे उघडायचे, आणि ओठ गुरुजींच्या अर्धा शब्द पुढे चालले होते.